पाव कोणाच्या हातचा?

२०२० सालच्या रमजानचा पहिला रोजा २५ एप्रिलला होता. लॉकडाऊनला महिना झाला होता. कळंब्यातली आमच्या ओळखीची बेकरी म्हणायला उघडी होती. पण भट्टीवरचे कारागीर गावाकडे निघून गेले होते आणि मैद्याची पोती वेळेवर येत नव्हती. दुपारी चारच्या आत पाव संपायचा. इफ्तारीला खिमा आहे आणि पाव नाही, ही गोष्ट मोठी आपत्ती नव्हे. लोक त्या दिवसांत शेकडो मैल पायी चालत होते. तरीही धाकटीने तिसऱ्या दिवशी विचारलेच, "पाव घरात का नाही करता येत?" आम्ही शिक्षक. मुलाने विचारलेला प्रश्न टाळायचा नाही असे बी.एड.ला शिकवले होते. म्हणून पाव करायला घेतला.

पहिला पाव दगड झाला. तो अम्मीने हातात घेऊन वजन करून पाहिला आणि म्हणाली, "इससे तो मसाला कूट लेंगे." चूक सोपी होती. पाणी कढत घातल्याने यीस्ट मरून गेले होते. दुसऱ्या खेपेला अर्धा किलो मैदा, चहाचा एक चमचा यीस्ट, दोन चमचे साखर, दीड चमचा मीठ, थोडे तेल आणि बोटाला जेमतेम कोमट लागेल असे तीनशे मिलिलिटर पाणी घेतले. दहा-बारा मिनिटे मळले. कोल्हापूरच्या एप्रिलमध्ये कणीक फुगायला तास लागत नाही. चाळीस मिनिटांत पातेल्याच्या काठाला आली. ओव्हन नव्हता. कुकरची शिटी आणि रबर काढले, तळाला जाड मीठ पसरले, त्यावर जाळी, जाळीवर तेल लावलेला डबा, आणि मंद आचेवर पस्तीस-चाळीस मिनिटे. वरून रंग फिका राहिला, पण आतून जाळी पडली होती. मगरिबच्या अजानला तो पाव फोडला तेव्हा घरात जो वास सुटला, तो आम्हाला अजून आठवतो.

त्या दिवशी आमच्या तोंडून एक वाक्य निघाले : "घरचा पाव. शुद्ध." हा लेख त्या 'शुद्ध' शब्दाविषयी आहे.

शुद्ध म्हणजे काय? मैद्यात आळ्या नव्हत्या, तेल जळके नव्हते, हात धुतलेले होते, एवढाच अर्थ असता तर काही अडचण नव्हती. पण त्या शब्दात आणखी एक अर्थ लपून बसलेला असतो. दुसऱ्या कोणाचा हात लागला नाही, हा तो अर्थ. आणि हा अर्थ आपल्या समाजाने किती भोगला आहे हे या अंकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. त्याच महिन्यात, दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजची बातमी आल्यापासून, फळांवर आणि भाकरीवर थुंकण्याचे व्हिडिओ मोबाइलवर फिरत होते. भाजीवाल्याला नाव विचारले जात होते. पुढे २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलीगच्या परदेशी पाहुण्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवले गेले असावे असे मत नोंदवले. पण निकालाचा कागद मोबाइलवर तेवढ्या वेगाने फिरत नाही.

अशा दिवसांत आम्ही, ज्यांच्या हातावर संशय घेतला जात होता ते, स्वतःच्या घरात बसून 'दुसऱ्याचा हात लागलेला नाही' म्हणून आनंद मानत होतो. हे तेव्हा लक्षात आले नाही. लक्षात आले ते एका फोनमुळे.

फोन आमच्या एका नातलगांचा होता. पाव घरी केल्याचे ऐकून त्यांनी कौतुक केले आणि विचारले, "खमीर हलाल आहे का ते पाहिले?" खमिरामुळे कणकेत दारू तयार होते असे त्यांनी कुठेतरी वाचले होते. वाचलेले खोटे नव्हते. यीस्ट हा एकपेशीय जीव आहे. तो साखर खातो आणि कार्बन डायऑक्साइड व अल्कोहोल सोडतो. आंबणे हे जिवंत पेशींचे काम आहे हे लुई पाश्चर यांनी १८५७ च्या सुमारास दाखवून दिले. वायूमुळे कणीक फुगते. अल्कोहोल भट्टीच्या उष्णतेने बहुतेक उडून जाते. खमिरी रोटी मुस्लिम जगात शतकानुशतके खाल्ली जाते आणि तिला कोणी नशा म्हटलेले नाही. गोव्याच्या पोदेराचा प्रश्न मात्र थोडा निराळा. तिथे जुन्या काळी पाव फुगवायला माडाची सूर वापरत, म्हणजे ताडीच. त्या पावाबद्दल मौलवीसाहेबांना विचारणे समजू शकते, कारण तो प्रश्न पदार्थाबद्दल आहे.

फोन ठेवल्यावर आम्ही यीस्टचा डबा उलटा करून बारीक अक्षरे वाचू लागलो. मग बिस्किटाचा पुडा, मग बाजारच्या ब्रेडची पिशवी. ई ४७१ हा पदार्थ वनस्पतीच्या चरबीपासूनही होतो आणि प्राण्याच्याही. कणीक मऊ करणारा आणखी एक पदार्थ काही देशांत पक्ष्यांच्या पिसांपासून काढतात. आपल्याकडे पुड्यावर हिरवा ठिपका असला की हा प्रश्न मिटतो, तरी आम्ही वाचत राहिलो. तासाभराने स्वयंपाकघरातला प्रत्येक डबा ओट्यावर उलटा पडला होता आणि इफ्तारीला वीस मिनिटे राहिली होती. अम्मीने एवढेच विचारले, "क्या चोर पकड रहे हो?"

परहेजगारी आणि बदगुमानी या दोन गोष्टी एकमेकींच्या शेजारी राहतात. हराम टाळण्यासाठी चौकशी करणे ही परहेजगारी. माणसाविषयी पुरावा नसताना वाईट धरून चालणे ही बदगुमानी, आणि तिच्यापासून दूर राहा असे कुराण शरीफच्या सूरह हुजुरातमध्ये स्पष्ट बजावले आहे. दोघींचा चेहरा इतका सारखा असतो की घरात कोण शिरली ते कळत नाही. बुखारी शरीफमध्ये हजरत आयशा (रजि.) यांच्याकडून आलेली एक हदीस आहे. काही लोकांनी पैगंबर साहेबांना (स.) विचारले की, माणसे आम्हाला मांस आणून देतात, ते कापताना त्यांनी अल्लाहचे नाव घेतले की नाही हे आम्हाला ठाऊक नसते, मग काय करावे? आणून देणारे नुकतेच इस्लाममध्ये आलेले होते. पैगंबर साहेबांनी चौकशी करायला माणूस पाठवला नाही. तुम्हीच बिस्मिल्लाह म्हणा आणि खा, असा त्यांच्या उत्तराचा आशय आहे. ही हदीस आम्ही वर्गातही सांगितली आहे, आणि इतकी वर्षे ती आम्हाला फक्त बिस्मिल्लाहचे महत्त्व सांगणारी वाटत आली होती. ती आणून देणाऱ्याचा मान राखणारीही आहे, हे त्या उलट्या डब्यांसमोर उमगले.

आपल्या महाराष्ट्रात पाव आला तोच या प्रश्नाला बरोबर घेऊन. शब्द पोर्तुगीज, पदार्थ पोर्तुगीज. वसईकडे आणि गोव्यात अजून सांगतात की विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी प्यायलेला गाव बाटला. या कथांत इतिहास किती आणि दंतकथा किती याचा निवाडा इतिहासकार करोत. पण अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या पटत आली, यावरून पावाच्या तुकड्याकडे लोक कोणत्या नजरेने पाहत होते ते समजते. तो तुकडा पोटात गेला की माणूस आपला राहत नव्हता.

म्हणूनच १८४९ मध्ये मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी परमहंस सभा काढली तेव्हा जात मोडण्याची परीक्षा म्हणून त्यांनी पावच निवडला. सभासद व्हायचे तर ख्रिस्ती माणसाने भाजलेल्या पावाचा तुकडा खायचा आणि मुसलमानाने आणलेले पाणी प्यायचे. सभा गुप्त होती. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे फुटली आणि सभा मोडली. मराठी व्याकरण लिहिणारा हा माणूस मोठाच होता आणि त्या काळी असा घास घेणे सोपे नव्हते, हे मान्य करूनही आमच्या मनात एक गोष्ट सलते. दाराआड खाल्लेला तो पाव ज्याने भाजला आणि ते पाणी ज्याने आणले, त्यांना कोणी पंगतीला बसवले होते का? त्यांचा हात हवा होता तो बाटवण्यासाठी. म्हणजे त्यांच्या हाताने बाटते हे गृहीत धरूनच ती क्रांती उभी होती. पुढे १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे समोर आली म्हणून केवढे वादळ उठले! रानडे आणि टिळक यांच्यासारख्यांना प्रायश्चित्तापर्यंत जावे लागले. एका बिस्किटाची ताकद एवढी.

कोल्हापूरकरांना यापेक्षा चांगले उदाहरण ठाऊक आहे. गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून मारहाण झाली, तेव्हा शाहू महाराजांनी त्यांना चहाचे हॉटेल काढायला मदत केली. गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराज स्वतः हॉटेलासमोर गाडी थांबवून चहा मागवू लागले, स्वतः प्यायचे आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजायचे. परमहंस सभेने दार लावून जे केले ते महाराजांनी भर रस्त्यात केले, हा फरक आहेच. त्याहून मोठा फरक असा की महाराजांच्या चहात गंगाराम कांबळे यांचे नाव होते, पाटी होती, धंदा होता, चार पैसे होते. याच महाराजांनी १९०६ मध्ये मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी संस्था आणि बोर्डिंग उभे केले. शहरातली मुस्लिम बोर्डिंगची इमारत आमच्या आधीच्या कितीतरी शिक्षकांना माहेरासारखी होती.

आता आमच्या कळंब्याकडे येऊ. बाहेरच्या माणसाला कळंबा म्हटले की दोन गोष्टी आठवतात, तलाव आणि तुरुंग. शहराची तहान भागवण्यासाठी संस्थानच्या काळात तलाव बांधला गेला. तुरुंगाची उंच भिंत आम्ही रोज ये-जा करताना पाहतो. या भिंतीच्या आत कैदी दिवाळीचा फराळ करतात आणि तो बाहेर विकायला येतो. चकली खुसखुशीत असते, हे स्वानुभवाने सांगतो. काही वर्षे तर अंबाबाईच्या मंदिरात भाविकांना मिळणारा लाडूचा प्रसादही याच तुरुंगातल्या कैद्यांनी वळलेला असे. आमच्या ओळखीच्या कित्येकांनी तो लाडू डोळे मिटून, कपाळाला लावून खाल्ला आहे. वळणाऱ्या हाताने बाहेर असताना काय केले होते, त्याची जात कोणती, धर्म कोणता, हे कोणी विचारले नाही. विचारले असते तर प्रसाद घशाखाली उतरला नसता. न विचारल्यामुळे त्या हातांना काम मिळाले आणि खाणाऱ्याला प्रसाद मिळाला.

मिसळीचेही तसेच. पुण्या-मुंबईकडे मिसळीबरोबर पाव देतात. आमच्या कोल्हापुरात ब्रेडच्या स्लाइस. तर्रीवरून कोल्हापूरकर हमरीतुमरीवर येईल, पण ती स्लाइस कुठल्या भट्टीतून आली आणि तिथे पहाटे तीन वाजता कणीक कोणी मळली, हे विचारताना आम्ही तरी कोणाला ऐकले नव्हते. ही बेफिकिरी आम्हाला फार मोलाची वाटते. तिला कोणी सहिष्णुता वगैरे म्हणत नाही, भुकेपुढे सुचत नाही इतकेच. पण गावे अशाच न विचारण्यावर चालतात.

ते न विचारणे अलीकडे कमी होत चालले आहे. २०२४ च्या जुलैमध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या वाटेवरच्या दुकानदारांना मालकाचे नाव लावायला सांगितले गेले. २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्याला अंतरिम स्थगिती दिली. दुकानात काय शिजते ते सांगा, पण नाव सांगायची सक्ती नको, असा त्या आदेशाचा गाभा होता. आम्हाला ही रेघ बरोबर जागी ओढलेली वाटते. पावात काय आहे हे विचारण्याचा हक्क खाणाऱ्याला आहे. उपवासाच्या माणसाला आहे, जैनाला आहे, आपल्यालाही आहे. पाव कोणी केला हे विचारण्यात मात्र पाव कुठेच नसतो.

इथे आपलेच काही बांधव म्हणतील की आपणही 'अपना आदमी' पाहूनच दुकानात शिरतो. शिरतो, खरे आहे. मटणाच्या बाबतीत त्याला आधार आहे. कापणे ही नियमाने करायची कृती आहे आणि ती कोण व कशी करतो याला शरियतमध्ये अर्थ आहे. पण पावाला तसा काही नियम नाही. मैदा, पाणी, मीठ यांना धर्म नसतो आणि भाजणाऱ्याच्या कलम्याची अट कोणत्याही फिक्हने पावाला लावलेली आम्ही वाचलेली नाही. तरी आपल्यातले काहीजण, त्यांनी आपला माल बंद केला म्हणून आपण त्यांचा बंद करावा, असे बोलतात. राग समजतो. त्या रागातून विकत घेतलेला पावही पोट भरतो. पण उद्या कोणी आपल्या भट्टीकडे बोट दाखवले तर त्याला द्यायला आपल्याजवळ उत्तर उरणार नाही, एवढे लक्षात ठेवावे.

आता जे सांगायचे आहे ते सांगण्यासाठी धीर एकवटावा लागतो आहे, कारण त्यात दोष आमचा आहे.

आमच्या वरच्या मजल्यावर एक काकू राहतात. २०१४ पासूनचे शेजारी. २०२० च्या त्या रमजानमध्ये, व्हिडिओंचा पूर आलेला असताना, आम्ही अर्धा पाव ताटलीत घालून वर पाठवला होता. काकूंनी तो घेतला, दुसऱ्या दिवशी "आणखी एकदा कर की" म्हणून निरोप पाठवला आणि ताटलीत कैरीचे लोणचे आले. तेव्हापासून घरी पाव झाला की अर्धा वर जातो.

२०२३ च्या ७ जूनला कोल्हापुरात काय झाले ते सर्वांना माहीत आहे. मोबाइलच्या स्टेटसवरून बंद, मोर्चा, दगडफेक, लाठीमार. इंटरनेट बंद होते. ते सुरू झाल्यावर आलेल्या संदेशांत कोणाकडून काय विकत घ्यायचे नाही याच्या याद्या होत्या. दुसऱ्या आठवड्यात, शाळा सुरू होण्याच्या सुमारास, गुरुवारी आम्ही पाव केला. का केला? खरे तर मन रमवायला. धाकटी नेहमीप्रमाणे ताटली घेऊन वर गेली आणि दोन मिनिटांत ताटलीसकट खाली आली. "काकू म्हणाल्या, आज उपवास आहे गं, घरी सांग."

कोणी काही बोलले नाही. अम्मीने ताटली घेऊन झाकून ठेवली. आम्ही उठलो आणि भिंतीवरच्या कालनिर्णयजवळ गेलो. त्या गुरुवारच्या चौकोनावर बोट ठेवले. चतुर्थी नव्हती. एकादशीही नव्हती. मग गुरुवारचा उपवास असेल का? काकू गुरुवार करतात का? नऊ वर्षांत आमच्या रोज्यांचा पहिला दिवस त्यांना पाठ होता, ईदच्या सकाळी शिरखुर्म्याचा डबा वर गेला नाही तर त्या स्वतः खाली येत. आणि त्या कोणत्या वारी उपवास करतात हे आम्हाला सांगता येत नव्हते.

बोट तसेच त्या चौकोनावर होते. हे बोट आम्ही ओळखत होतो. भाजीवाल्याला नाव विचारणारे, पाटीवरचे आडनाव वाचणारे बोट हेच. फरक इतकाच की आता ते आमच्या हाताला होते. जिने एप्रिल २०२० मध्ये आमच्या हातचा पाव निमूटपणे खाल्ला, तिच्याकडून आम्ही पुरावा मागत होतो, तोही तिच्या पाठीमागे, कॅलेंडरकडून. आमच्या पावावर विश्वास ठेवा असे जगाला सांगणारे आम्ही, एका बाईच्या उपवासावर विश्वास ठेवायला तयार नव्हतो.

कोणी म्हणेल, संशयाला कारण होते. त्या आठवड्यात शहराची हवाच तशी होती. होते ना. बदगुमानीला कारण नेहमीच असते, नाहीतर ती मनात शिरणार कशी? नव्याने मुसलमान झालेल्या त्या मांस आणणाऱ्यांबद्दल विचारणाऱ्यांनाही कारण होतेच.

काकूंना विचारावे का, यावर घरात बोलणे झाले. अम्मीचे म्हणणे होते, विचारायचे नाही. विचारणे म्हणजे त्यांच्या दारावर पाटी लावायला सांगणे. आम्हाला वाटत होते की हसत हसत विचारले तर काय बिघडते, शेजारी आहेत. पण ज्या कारणाने विचारायचे ते हसण्यात लपणार नव्हते आणि काकूंना ते कळले असते. विचारले नाही. आजतागायत विचारलेले नाही.

पुढच्या आठवड्यात पुन्हा पाव केला. या वेळी मीठ जरा बेताने, कारण काकूंना रक्तदाबाच्या गोळ्या सुरू आहेत. धाकटीने अर्धा पाव ताटलीत घेतला, वर जाताना जिन्यात थांबून एक कडा मोडून खाल्लीही, ती तिची नेहमीची चोरी. ती रिकाम्या हाताने खाली आली. काकूंनी ताटली ठेवून घेतली होती. पाव खाल्ला की नाही ते पाहायला आम्ही वर गेलो नाही.